वाचकांचे प्रश्न : उद्याची शस्त्रे आणि उद्याचा सैनिक

भविष्यातील शस्त्रांविषयी, तसेच औषधे, यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने सैनिकाची क्षमता वाढवण्याच्या प्रयत्नांविषयी या स्तंभाकडे बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. शस्त्रांपेक्षा सैनिकाच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे. शस्त्र चुकीचे ठरले तर ते भंगारात काढता येते, शरीराच्या बाबतीत तशी सोय नाही, हे त्यामागचे कारण.

प्रश्न : लेझर शस्त्रे आल्यावर तोफा आणि बंदुका कालबाह्य होतील का? प्रकाशाच्या वेगाने होणाऱ्या माऱ्यापासून बचाव तरी कसा करणार?

उत्तर : लेझर शस्त्र आता कल्पनेच्या पातळीवर राहिलेले नाही. अमेरिकी नौदलाने २०१४ साली ‘पॉन्स’ या जहाजावर सुमारे ३० किलोवॅट क्षमतेचे लेझर शस्त्र बसवून ते पर्शियाच्या आखातात नेले होते. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ने हवेतील लक्ष्यावर मारा केल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले आणि अशा एका माऱ्याचा खर्च साधारणतः दहा पौंडांपेक्षा कमी असल्याचे तेथील संरक्षण खात्याने सांगितले. स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी महागडे क्षेपणास्त्र खर्ची घालावे लागते, ही आजच्या लष्करांची मोठी अडचण असल्यामुळे या आकड्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. अर्थात त्यात यंत्रणा उभारण्याचा खर्च धरलेला नाही.

प्रकाश लक्ष्यापर्यंत क्षणार्धात पोहोचतो हे खरे, परंतु लक्ष्य क्षणार्धात नष्ट होत नाही. असे लेझर शस्त्र लक्ष्याला तापवून निकामी करते, आणि त्यासाठी हलत्या, डगमगत्या लक्ष्याच्या एकाच जागेवर किरण काही सेकंद रोखून धरावा लागतो. धुके, पाऊस, धूळ आणि तापलेली हवा किरणाला विखुरतात. शिवाय किरण सरळ रेषेतच जात असल्यामुळे टेकडीआडच्या लक्ष्याला तो शिवू शकत नाही, जे काम तोफगोळा शतकानुशतके करत आला आहे. यंत्राला पुरवलेल्या विजेचा मोठा भाग किरणात न जाता उष्णतेच्या रूपाने यंत्रातच साठतो आणि ती उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था शस्त्राइतकीच जागा अडवते. म्हणून ड्रोन आणि लहान नौका यांच्याविरुद्ध तोफांच्या जोडीला लेझर येईल, तोफांच्या जागी नव्हे, असे माझे मत आहे.

विद्युतचुंबकीय बलाने गोळा फेकणाऱ्या रेलगनचाही अनुभव याच दिशेने जातो. २०१० साली अमेरिकी नौदलाने डॅलग्रेन येथील चाचणीत ३३ मेगाज्यूल ऊर्जेचा मारा करून दाखवला, परंतु प्रचंड प्रवाह आणि घर्षण यांमुळे, गोळा ज्यांवरून सुटतो त्या रुळांची होणारी झीज, विजेची गरज आणि खर्च यांपुढे २०२१ साली त्या प्रकल्पाचे काम थांबवण्यात आले. जपानने मात्र हे काम पुढे नेले आणि २०२३ साली जहाजावरून रेलगनची चाचणी घेतली.

प्रश्न : अवकाशातून टंगस्टनचे अवजड दांडे सोडून अणुबॉम्बइतका विध्वंस करता येतो, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : याचा हिशेब शालेय भौतिकशास्त्राने करता येतो. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळणाऱ्या एक किलो वस्तुमानाची गतिज ऊर्जा साडेचार मेगाज्यूल भरते, आणि एक किलो टीएनटीच्या स्फोटातून सुमारे ४.२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे नऊ-दहा टनांचा दांडा नऊ-दहा टन टीएनटीएवढेच काम करील. हिरोशिमावरील बॉम्ब सुमारे १५,००० टन टीएनटीच्या तोडीचा होता. इतके वजन कक्षेत नेण्यासाठी लागणारा अग्निबाण आणि त्याचे इंधन विचारात घेतले की हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. त्यातच पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रह सतत फिरत असल्यामुळे तो हव्या त्या क्षणी हव्या त्या ठिकाणावर असेलच असे नाही. १९६७ चा बाह्य अवकाश करार कक्षेत अण्वस्त्रे व इतर सर्वसंहारक शस्त्रे ठेवण्यास मनाई करतो. अशा दांड्यांना तो स्पष्टपणे अडवत नाही, आणि कायद्यातील ही फट मला त्या दांड्यांपेक्षा अधिक गंभीर वाटते.

प्रश्न : अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्यामुळे सैनिक शंभर किलो वजन घेऊन धावू शकेल, असे चित्र दाखवले जाते. ते प्रत्यक्षात का उतरत नाही?

उत्तर : प्रयत्न जुना आहे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने ‘हार्डीमॅन’ नावाचा सांगाडा बांधायला घेतला. त्याचे स्वतःचे वजन सुमारे ६८० किलो झाले आणि अखेर त्याचा एक हातच काय तो नीट चालवता आला. २०१३ साली अमेरिकेच्या विशेष दलांनी चिलखत, यांत्रिक बळ आणि संवेदक एकत्र असलेला पोशाख तयार करण्याचा ‘टॅलोस’ प्रकल्प हाती घेतला आणि २०१९ मध्ये, संपूर्ण पोशाख सिद्ध न होताच, तो आवरला.

मुख्य अडचण ऊर्जेची आहे. सांगाड्याला बळ देणारी बॅटरी सांगाड्यालाच वाहावी लागते, बॅटरी मोठी केली की वजन वाढते आणि वजन वाढले की आणखी मोठी बॅटरी लागते. दुसरी अडचण चालण्याच्या कौशल्याची आहे. मनुष्य खडकाळ उतारावर पाऊल टाकताना घोटा, गुडघा आणि कंबर यांच्यात सेकंदाच्या अंशात असंख्य सूक्ष्म दुरुस्त्या करत असतो. यंत्राने त्या दुरुस्त्यांना किंचित उशिरा साथ दिली तरी ते मदत करण्याऐवजी अडथळा ठरते. त्यामुळे संपूर्ण पोशाखाऐवजी केवळ कंबरेला किंवा गुडघ्याला आधार देणारी हलकी साधने आधी रूढ होतील, आणि तीही आघाडीपेक्षा दारूगोळा चढवण्या-उतरवण्याच्या कामात. मला यात काही कमीपणा वाटत नाही. जड ओझ्यामुळे गुडघे आणि पाठ कायमची गमावणाऱ्या सैनिकांसाठी असे साधे साधनही फार मोलाचे आहे.

प्रश्न : झोप, भीती आणि थकवा घालवणाऱ्या गोळ्या सैन्यात दिल्या जातात का? पुढे झोपेची गरजच उरणार नाही, असे होऊ शकेल का?

उत्तर : दिल्या जातात, आणि दीर्घकाळ दिल्या गेल्या आहेत. क्षमतावर्धनाच्या सर्व प्रकारांत औषधांचा इतिहास सर्वांत मोठा असल्यामुळे उद्याचा अंदाज बांधताना मी नेहमी तिकडे आधी वळतो.

१९३८ मध्ये जर्मनीत ‘पर्विटिन’ या नावाने मेथअँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या विक्रीस आल्या. एप्रिल ते जुलै १९४० या काळात, म्हणजे फ्रान्सवरील आक्रमणाच्या सुमारास, जर्मन भूदल आणि हवाई दल यांना अशा साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरवण्यात आल्या. सैनिक रात्रंदिवस पुढे सरकत राहिले. पण त्यानंतर येणारी ग्लानी, व्यसन आणि बिघडलेली विवेकशक्ती यांच्या तक्रारीही लवकरच पुढे आल्या आणि १९४१ साली त्याच राजवटीला हे औषध अफूविषयक कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यानेही त्या युद्धात बेन्झेड्रिन हे अँफेटामिन जातीचेच उत्तेजक वापरले, त्यामुळे हा एका बाजूचा दोष मानता येणार नाही.

अलीकडचे उदाहरण एप्रिल २००२ मधील आहे. अफगाणिस्तानात कंदाहारजवळ रात्रीचा सराव करणाऱ्या कॅनडाच्या तुकडीवर अमेरिकी एफ-१६ विमानातून बॉम्ब टाकण्यात आला आणि चार कॅनेडियन सैनिक मरण पावले. पुढील चौकशीत वैमानिकांच्या बचाव पक्षाने हवाई दलाने दिलेल्या डेक्सअँफेटामिनच्या गोळ्यांचा मुद्दा मांडला. चौकशी मंडळांनी मात्र वैमानिकांच्या निर्णयालाच दोष दिला. या मतभेदात गोळीचा वाटा किती हे ठरवणे शक्य नाही, आणि माझ्या दृष्टीने खरी अडचण तीच आहे. औषधाच्या अमलाखाली घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याची किती आणि औषध देणाऱ्याची किती, याचे माप आपल्याकडे नाही.

झोपेला पर्याय मिळण्याची शक्यता मला दिसत नाही. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. मोडाफिनिलसारखी नवी औषधे जाग टिकवतात आणि अँफेटामिनच्या तुलनेत सौम्यही आहेत. परंतु स्मृतींची घडी बसवणे आणि शरीराची डागडुजी करणे ही झोपेची कामे ती करत नाहीत. ती केवळ थकव्याची जाणीव पुढे ढकलतात. थकवा जाणवेनासा झालेला पण थकलेला माणूस हा, हातात शस्त्र असताना, थकलेल्या माणसाहून अधिक धोकादायक असतो.

भीतीविषयीही थोडे सांगायला हवे. भीती पूर्णपणे घालवलेला सैनिक सेनापतींना उपयुक्त वाटेल, असा अनेक पत्रलेखकांचा समज दिसतो. पण सावधपणा, दया आणि हुकूम चुकीचा आहे अशी शंका या गोष्टी मनात ज्या वाटांनी येतात त्यांपैकी काही वाटा भीतीच्या वाटेला लागूनच असतात. एक बंद करताना दुसरी उघडी राहील याची खात्री कोणतेही औषध देत नाही.

प्रश्न : मेंदूत चिप बसवून केवळ विचाराने विमान चालवता येते का?

उत्तर : प्रयोगशाळेत अंशतः येते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘डार्पा’च्या, कृत्रिम अवयवांच्या प्रकल्पात मेंदूत विद्युताग्रे बसवलेल्या एका पक्षाघातग्रस्त महिलेने यांत्रिक हात हलवून दाखवला आणि त्याच जोडणीच्या आधारे एफ-३५ विमानाचे आभासी उड्डाणही केले. ही माहिती २०१५ मध्ये जाहीर झाली. हात गमावलेल्या आणि अर्धांगाने ग्रासलेल्या माणसांसाठी अशा संशोधनातून जे निर्माण झाले आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

परंतु धडधाकट वैमानिकाला त्याचा लाभ काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याची बोटे, डोळे आणि वाणी ही साधने इतकी वेगवान आणि अचूक आहेत की आजच्या मेंदू-जोडण्या त्यांच्या जवळपासही पोहोचत नाहीत. कवटी उघडून बसवलेल्या विद्युताग्रांभोवती कालांतराने व्रणपेशी वाढतात आणि संकेत क्षीण होत जातात. संसर्गाचा धोका असतो तो निराळाच. म्हणूनच डार्पाने २०१८ मध्ये शस्त्रक्रियेविना जोडणी साधण्याचा स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. कवटीबाहेरून मिळणारे संकेत मात्र पुसट असतात, आणि ही मर्यादा केवळ अधिक निधी देऊन ओलांडता येईल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात आहे. उद्या त्याला असे औषध किंवा उपकरण घेण्याचा हुकूम झाला, तर तो नकार देऊ शकेल का?

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले. प्रत्येक देशाचा कायदा निराळा असल्यामुळे एक उत्तर देता येणार नाही, पण आजवर काय घडले ते सांगता येईल.

सैनिकाच्या शरीरावर सैन्याचा काही अधिकार असतो, हे तत्त्व जुने आहे आणि ते सरसकट चुकीचेही नाही. १७७७ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्याला देवीची टोचणी करवून घेण्याचा आदेश दिला. तेव्हाची टोचणी आजच्या लसीइतकी सुरक्षित नव्हती, तरीही त्या निर्णयाने असंख्य जीव वाचले. त्या आदेशामागे दोन गोष्टी होत्या : लाभ स्वतः सैनिकालाही होता, आणि जोखीम बऱ्याच अंशी माहीत होती. या दोन कसोट्या मी पुढच्या प्रत्येक उदाहरणाला लावतो.

१९५३ साली ब्रिटनच्या पोर्टन डाउन येथील केंद्रात हवाई दलाच्या एका वीस वर्षांच्या जवानाच्या बाहीवर सारिन हे विषारी रसायन टाकण्यात आले आणि तो मरण पावला. तो स्वेच्छेने आला होता. पण हा प्रयोग सर्दीवरच्या औषधाचा असल्याची त्याची समजूत होती, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. हा मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाला, असा निर्णय २००४ मधील फेरचौकशीत देण्यात आला. म्हणजे न्याय मिळण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली.

१९९० च्या डिसेंबरमध्ये, आखाती युद्धाच्या तोंडावर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक नियम काढून लष्कराला सैनिकांच्या संमतीविना काही प्रायोगिक औषधे देण्याची मुभा दिली. सोमान या विषापासून बचावासाठी पायरिडोस्टिग्माइन ब्रोमाइडच्या गोळ्या लक्षावधी सैनिकांच्या हाती पडल्या. युद्धानंतर अनेकांना सांधेदुखी, थकवा आणि स्मृतिदोष यांनी घेरले. त्यांत या गोळ्यांचा वाटा किती यावर तज्ज्ञांच्या समित्यांचे एकमत झाले नाही. पुढे कायदा बदलून संमती माफ करण्याचा अधिकार केवळ राष्ट्राध्यक्षांकडे ठेवण्यात आला. १९९८ पासून सक्तीच्या केलेल्या अँथ्रॅक्सच्या लशीला नकार देणाऱ्या शेकडो सैनिकांवर कारवाई झाली आणि २००४ मध्ये न्यायालयाने ती सक्ती थांबवली. औषध प्रशासनाने लशीला नव्याने मान्यता दिल्यानंतर ती पुन्हा लागू झाली. एकच नकार कधी बेशिस्त आणि कधी हक्क ठरला, तो केवळ कागदावरील मान्यतेमुळे.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आजच्या बहुतेक सैन्यांत नकार कायद्याने शक्य असला तरी प्रत्यक्षात अवघड असतो. ज्याला बढती हवी आहे, ज्याचे सारे सोबती गोळी घेत आहेत आणि ज्याच्या मागे राहण्याने त्यांचा जीव धोक्यात येईल असे त्याला सांगितले जाते, त्याच्या होकाराला पूर्ण संमती म्हणणे मला पटत नाही. फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या नीतिसमितीने डिसेंबर २०२० मध्ये ‘वर्धित सैनिका’विषयी दिलेला अभिप्राय म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. संशोधनाला परवानगी देताना तिने सैनिकाच्या इच्छास्वातंत्र्याला बाधा आणणारे आणि त्याच्या नागरी जीवनात परतण्याच्या आड येणारे बदल नाकारले.

परतण्याचा मुद्दा किती खरा आहे, हे नागरी वैद्यकातील एका उदाहरणावरून कळते. अंध व्यक्तींच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने आर्थिक अडचणींमुळे ते तंत्र सोडून दिले, आणि साडेतीनशेच्या आसपास माणसे दुरुस्ती व सुटे भाग यांच्या आधाराविना उरली. सैनिकाच्या बाबतीत उपकरण बसवणारा आणि त्याची देखभाल करणारा एकच, सरकार, असतो. नोकरी संपल्यावर देखभाल संपणार असेल, तर ते उपकरण बसवण्याचा हुकूम मुळात देऊच नये.

आपल्या मुलाने अशा कोणत्याही गोष्टीपूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे मी सुचवीन : औषधाला वा उपकरणाला नागरी मान्यता आहे का, ते त्याच्या वैद्यकीय नोंदीत लिहिले जाईल का, आणि निवृत्तीनंतर त्याचे दुष्परिणाम झाल्यास उपचार कोण करील. आखाती युद्धातील अनेक सैनिकांना आपण नेमके काय आणि किती घेतले हे नोंदीअभावी सिद्ध करता आले नाही.

प्रश्न : जनुकांत बदल करून जन्मतःच बलवान सैनिक घडवणे, किंवा विशिष्ट वंशाच्या लोकांनाच मारणारा विषाणू बनवणे शक्य आहे का?

उत्तर : पहिल्या भागाबाबत फिनलंडचा ऑलिंपिक विजेता स्कीपटू एरो मँटिरांटा याचे उदाहरण पाहावे. एका नैसर्गिक जनुकीय बदलामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी असाधारण प्रमाणात होत्या. परंतु असे बदल सुटे मिळत नाहीत. दाट रक्ताबरोबर गुठळ्यांचा धोकाही येऊ शकतो. शिवाय भ्रूणावर केलेल्या बदलाचे फळ दिसण्यास अठरा-वीस वर्षे लागतात आणि ज्याच्यावर तो बदल होतो त्याची संमती घेण्याचा मार्गच नसतो. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुक-संपादित मुली जन्माला आणणाऱ्या संशोधकाला तुरुंगवास झाला, तो योग्यच होता.

दुसऱ्या भागातील कल्पना जीवशास्त्रालाच धरून नाही. मानवी जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक लोकसमूहाच्या आतच आढळतो, हे १९७२ पासून ज्ञात आहे. सीमेवर थांबणारा विषाणू घडवता येत नाही. त्याच वर्षीच्या जैविक शस्त्रबंदी कराराने अशी सर्वच शस्त्रे निषिद्ध केली आहेत. चिंता करायचीच तर त्या करारात तपासणीची व्यवस्था नाही, याची करावी.

प्रश्न : यंत्रेच लढणार असतील, तर माणसात बदल करण्याची गरजच काय? आणि या साऱ्यावर कायद्याचा अंकुश आहे का?

उत्तर : स्वतःहून लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांवर २०१४ पासून जिनिव्हात चर्चा चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरील ठरावाच्या बाजूने १५२ देशांनी मत दिले, तरी बंधनकारक करार अद्याप झालेला नाही. यंत्रांचा वेग वाढत असल्यामुळेच माणसावरील दडपण वाढते आहे. निर्णय माणसाच्या हाती राहावा असे म्हणायचे आणि मग तो माणूस यंत्राइतका वेगवान नाही म्हणून त्यालाच बदलायचे, असा हा क्रम आहे. यंत्राची गती माणसाच्या विचाराला झेपेल इतकी ठेवणे हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे आणि मला तोच योग्य वाटतो.

जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक कराराचे ३६ वे कलम नवे शस्त्र किंवा युद्धपद्धती स्वीकारण्यापूर्वी तिची कायदेशीर तपासणी करण्याचे बंधन घालते. परंतु शरीरात बसवलेले उपकरण हे शस्त्र की शरीराचा भाग, याचा खुलासा त्यात नाही. १९९५ च्या आंधळे करणाऱ्या लेझरवरील बंदीचेही तसेच आहे. ती साध्या डोळ्याला किंवा चष्म्यासारखे साधन लावलेल्या डोळ्याला कायमचे अंधत्व आणण्यासाठी घडवलेल्या शस्त्रांपुरती आहे. ज्याच्या डोळ्यांची क्षमता कृत्रिमरीत्या वाढवलेली आहे, त्याला या संरक्षणातून वगळले जाऊ शकते.

युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या करारात ही अडचण सर्वांत तीव्रपणे जाणवते. त्याच्या १८ व्या कलमानुसार कैद्याच्या वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहतात, पण शस्त्रे आणि लष्करी साहित्य काढून घेता येते. १३ वे कलम कैद्याचा अंगभंग निषिद्ध ठरवते. कवटीत उपकरण असलेला सैनिक पकडला गेला, तर कोणते कलम लागू करायचे? माझ्या मते उत्तर १३ व्या कलमाच्या बाजूने असायला हवे : जे शस्त्रक्रियेविना काढता येत नाही ते शरीर मानावे, आणि ते काढण्याचा किंवा बंद पाडण्याचा निर्णय कैद्याच्या संमतीने, तटस्थ डॉक्टरच्या उपस्थितीतच व्हावा. हे लिहून ठेवण्यासाठी असा पहिला कैदी पकडला जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.